बिबलेटेकच्या संदर्भसूचीत प्रकाशनाची तारीख नीट कशी बसवावी

लेटेक (आज्ञा लिहून दस्तऐवज छापायची प्रणाली) चालतंय, बिबलेटेक (त्यात संदर्भसूची बनवणारं पॅकेज) आणि बाइबर (बिबलेटेकसाठी नोंदी वाचून क्रम लावणारा प्रोग्राम) बसवलेले आहेत, बिब फाइल (तुमच्या संदर्भांच्या नोंदींची फाइल) तयार आहे, असं धरून चालतो. आज्ञा आणि पर्यायांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलमध्ये ती रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता टाइप करायची. तारखांचे आकडेही तिथे इंग्रजीच हवेत.

१. तारीख 'डेट' या एकाच रकान्यात लिहा

आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि मध्ये आडव्या रेघा: २०१९-०५-१४. महिन्यापर्यंतच माहीत असेल तर २०१९-०५, नाहीतर नुसतं २०१९. चार वर्षांत निघालेल्या खंडांसाठी तिरकी रेघ: १९९८/२००१. अंदाजे सालापुढे लाटेसारखी खूण, १८५०~. मात्र 'सुमारे' या अर्थाचा शब्द छापूनही यायला हवा असेल तर 'डेटसर्का' हा पर्याय 'ट्रू' करावा लागतो. तो मुळात बंद असतो.

जुना 'इयर' रकाना अजून चालतो, पण त्यात 'मे २०१९' किंवा '२०१९ए' असलं काही कोंबू नका. एकाच लेखकाच्या एकाच वर्षातल्या नोंदी वेगळ्या ओळखू याव्यात म्हणून वर्षापुढे ए, बी ही अक्षरं लावणं बाइबरचं काम आहे. हातानं लावलीत तर पुढच्या नोंदीची भर पडली की सगळं विस्कटतं. आगामी पुस्तकासाठी 'पबस्टेट' हा वेगळा रकाना आहे.

२. शैली निवडा

बिबलेटेक पॅकेज बोलावताना स्टाइल 'ऑथरइयर' (उल्लेखात लेखक आणि वर्ष दाखवणारी), बॅकएंड 'बाइबर'. झालं.

३. कंसातली तारीख

खरा घोळ इथे आहे. मजकुरात उल्लेख छापला जातो (अबक २०१९) असा, आणि संदर्भसूचीत तीच नोंद 'अबक (१४ मे २०१९). शीर्षक…' अशी येते. वाचणाऱ्याला वाटतं, लेखकाचा हात घसरला. माझ्या प्रबंधाच्या कच्च्या प्रतीवर मार्गदर्शकांनी अशा प्रत्येक कंसाभोवती लाल गोल केला होता.

तेव्हा एका अनुभवी मित्रानं सल्ला दिला, 'बिब फाइलमधून महिना आणि दिवस काढून टाक.' मी दोन रात्री बसून तीनशेच्या वर नोंदींतले महिने खोडले. सूची देखणी झाली. पुढच्या वर्षी त्यातलंच एक प्रकरण एका नियतकालिकाला पाठवलं, तर त्यांना वर्तमानपत्रातल्या लेखांच्या पूर्ण तारखा हव्या होत्या. पुन्हा सगळी कात्रणं शोधत बसलो. हा सल्ला आजही सर्रास दिला जातो आणि तो ऐकला की माझं डोकं फिरतं. बिब फाइल हे तुमचं दप्तर आहे. छापताना काय दाखवायचं ते शैलीच्या पर्यायांनी ठरवायचं, दप्तर फाडून नाही.

घोळ का होतो ते एकदा समजून घ्या. 'लेबलडेट' आणि 'डेट' हे दोन वेगळे पर्याय आहेत. लेबलडेट मजकुरातल्या उल्लेखासाठी, आणि तो मुळातच 'इयर'वर असतो. डेट म्हणजे प्रकाशनाची तारीख कशी छापायची ते, आणि त्यात मुळात पूर्ण तारीख येते. आता ऑथरइयर शैली काय करते, तर शेवटी छापायची तारीख उचलून लेखकाच्या नावापुढच्या कंसात विलीन करते. त्यामुळे कंसावर डेटचा अंमल चालतो, लेबलडेटचा नाही. 'लेबलडेट इयर करा, सुटेल' असं सांगणाऱ्यानं स्वतः ते करून पाहिलेलं नसतं. ते आधीपासून इयरच असतं, फरक शून्य.

उपाय दोन आहेत. सूचीत कुठेही वर्षाखेरीज काही नको असेल तर 'डेट' पर्याय 'इयर' करा. बिब फाइलला हात लागत नाही आणि कंस (२०१९) होतो. पुस्तकं आणि संशोधनपत्रिकाच असतील तर एवढं पुरे.

पण वर्तमानपत्रं, अहवाल, संकेतस्थळं असतील तर दिवस छापला गेलाच पाहिजे, नाहीतर वाचक तो लेख शोधणार कसा? मग विलीनीकरणालाच हात घालायचा: 'मर्जडेट' हा पर्याय 'बेसिक' करा. नावापुढे (२०१९), आणि पूर्ण १४ मे २०१९ आपल्या मूळ जागी, नियतकालिकाच्या नावानंतर. ज्या पुस्तकाचं फक्त वर्ष दिलंय त्याचं वर्ष पुन्हा छापलं जात नाही. काही जण मर्जडेट थेट 'फॉल्स' करायला सांगतात. तसं केलंत तर प्रत्येक पुस्तकाचं वर्ष दोनदा येतं, एकदा नावापुढे आणि एकदा प्रकाशकापुढे. मला ते विद्रूप दिसतं. मी बेसिकच ठेवतो. डेट 'इयर' केलेलं असेल तर ते मात्र आधी काढा, नाहीतर मूळ जागीही दिवस येणार नाही.

एकाच लेखकाच्या एकाच वर्षातल्या नोंदींना ए, बी लागताना क्रम शीर्षकाच्या वर्णानुक्रमानं ठरतो, महिन्यानं नाही. जानेवारीतल्या लेखाला बी आणि डिसेंबरातल्याला ए मिळाला तर घाबरू नका. या अक्षराचं आतलं नाव पूर्वी 'एक्स्ट्राइयर' होतं, आता 'एक्स्ट्राडेट' आहे. जुनी उत्तरं जशीच्या तशी चिकटवली की याच नावावर अडतात.

४. संकेतस्थळांची खोटी वर्षं

नोंदीत प्रकाशनाची तारीखच नसेल तर बिबलेटेक रांगेत पुढची तारीख शोधतं: कार्यक्रमाची, मग मूळ आवृत्तीची, मग 'यूआरएलडेट', म्हणजे तुम्ही पान उघडून पाहिल्याची. परिणामी तारीख नसलेलं पान तुम्ही २०२४ मध्ये वाचलंत म्हणून (२०२४) या वर्षाचं होऊन बसतं. 'डिक्लेअरलेबलडेट' ही आज्ञा देऊन रांग नव्यानं लिहा (नावातले डी आणि एल मोठ्या लिपीत): डेट, इयर, इव्हेंटडेट, ओरिजडेट, आणि शेवटी लिटरल 'नोडेट'. यूआरएलडेट गाळा. मग तिथे 'दिनांक नाही' या अर्थाचं संक्षिप्त रूप येतं, आणि खरं तेच आहे.

पाहिल्याची तारीख मुळात आखूड रूपात छापली जाते. भाषा नुसती इंग्लिश ठेवली असेल तर महिना आधी येतो, आणि ०५/०६/२०२४ म्हणजे मे की जून हे कुणालाच सांगता येत नाही. यूआरएलडेट पर्याय 'लाँग' किंवा 'आयएसओ' करा.

५. पुनर्मुद्रणं

मूळ १८५९, हातातली प्रत २००९. मूळ वर्ष 'ओरिजडेट'मध्ये लिहा. साधी ऑथरइयर शैली ते छापत नाही, एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) बिबलेटेक शैली छापते. तरी लिहून ठेवाच.

६. चालवा

लेटेक, बाइबर, पुन्हा दोनदा लेटेक.

मग पीडीएफ उघडण्याआधी बाइबरची लॉग फाइल उघडा, तिचं शेपूट बीएलजी. वर्ष पूर्णांक नाही किंवा तारखेचं रूप चुकीचं म्हणून दुर्लक्षित केली, असे इशारे तिथे नोंदीच्या नावासकट असतात. दुर्लक्षित झालेली तारीख पीडीएफमध्ये चुकीची म्हणून ओळखू येत नाही. त्या नोंदीपुढे गुपचूप 'दिनांक नाही' येतं, आणि चौथी पायरी गाळली असेल तर तुम्ही पान पाहिल्याचं वर्ष.