आधी पैसे, मग सोलं: गोव्यातल्या छोट्या धंद्यासाठी क्राउडफंडिंग

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार भरली. इथे सोलं (कोकमाची सुकवलेली साल, म्हणजे आमसुलं), खाजे (जत्रेतला गोड खाऊ), काजू किंवा करवंटीच्या वस्तू करणाऱ्याची अडचण थेट बेटावरच्या धंदेवाल्यासारखी: गिऱ्हाईक मोजकं, यंत्र बाहेरून आणायचं, बँक तारण मागते. चोडण-दिवाडी या बेटांवर फेरीबोटीचाही हिशोब आला. जमेची बाजू एकच, पण ती मोठी. गाव सोडून गेलेला माणूस गावच्या चवीला मुकलेला असतो आणि त्याच्या हातात पैसा असतो. तुमचं क्राउडफंडिंग, म्हणजे पुष्कळ लोकांकडून इंटरनेटवर थोडेथोडे पैसे जमवणं, चाललं तर त्याच्या जोरावर चालेल.

लोकांकडून पैसे कशाच्या बदल्यात घेताय, हे सगळ्यात आधी ठरवा, कारण कायदा त्यावर बदलतो. मालाच्या बदल्यात घेतलेत तर ती आगाऊ नोंदणी झाली. छोट्या धंद्याला हाच मार्ग सोयीचा. निव्वळ देणगी घेतलीत आणि वर्षभरात नातेवाईक सोडून इतरांकडून आलेली बेरीज ५०,००० च्या वर गेली, तर सगळीच रक्कम करपात्र उत्पन्नात धरली जाते. कर्ज हवं असेल तर रिझर्व्ह बँकेने २०१७ साली नियम घालून दिलेले पीअर-टू-पीअर मंच आहेत, म्हणजे माणसाने माणसाला थेट कर्ज द्यायची ऑनलाइन ठिकाणं. सगळे मंच मिळून एका कर्जदाराला १० लाखांपर्यंत, एका सावकाराकडून ५०,००० पर्यंत, मुदत जास्तीत जास्त ३६ महिने. तिथलं व्याज मात्र बहुधा चढं असतं, म्हणून तिकडे वळण्याआधी मुद्रा कर्ज आणि ईडीसीची (गोव्याच्या आर्थिक विकास महामंडळाची) मुख्यमंत्री रोजगार योजना बघून घ्या.

शेअर देऊन पैसे उभे करायचा विचार व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात मांडू नका. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०१४ साली चर्चेचा मसुदा काढला होता, पण सर्वसामान्यांना असे शेअर विकायची चौकट काही आली नाही. खासगी कंपनी एका आर्थिक वर्षात फार तर २०० जणांना, नावानिशी पत्र देऊन शेअर देऊ करू शकते. त्याची जाहिरात करायला बंदी आहे. ‘वर्षभरात व्याजासह परत करू’ हे वाक्यही मोहिमेत नको. अनियंत्रित ठेवींवर बंदी आणणारा २०१९ चा कायदा नेमक्या अशा वाक्यांसाठी आहे. आणि तुमची कंपनी असेल, तर मालासाठी घेतलेले आगाऊ पैसे ३६५ दिवसांच्या आत मालात वळते झाले पाहिजेत, नाहीतर ती ठेव समजली जाते.

आता आकड्यांकडे, कारण बहुतेक मोहिमा इथेच बुडतात, आणि पैसे जमल्यावर बुडतात. समजा, सत्तरी तालुक्यातल्या एका स्वयंसहाय्य गटाला सोलं सुकवायचा ड्रायर आणि सीलिंग मशीन घ्यायचं आहे, खर्च ३,००,०००. गट म्हणतो, हजार रुपयेवाले ३०० जण मिळाले की झालं. पण हजारातून काय काय जातं ते बघा. सोलं आणि पाकिटाचा खर्च २७०, टपाल १३०. क्राउडफंडिंगचा मंच आणि पेमेंट गेटवेचं कमिशन मिळून ८ टक्के धरलं तर ८०, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १४. मालावरचा ५ टक्के जीएसटी हजारातच धरलेला, तो ४८. हातात उरले ४५८. म्हणजे ३ लाखांचं यंत्र यायला ३०० नव्हे, ६५६ माणसं लागतील आणि मोहिमेचा आकडा साडेसहा लाखांच्या वर जाईल. ज्याने ३ लाखांचंच लक्ष्य ठेवलं, त्याच्याकडे खर्च वजा जाता १,३७,००० उरतात. ड्रायर येत नाही, पण ३०० पाकिटं मात्र द्यावीच लागतात.

म्हणून यंत्रासारखी तुकड्यांत न येणारी वस्तू घ्यायची असेल तर ‘लक्ष्य गाठलं तरच पैसे’ असा प्रकार निवडा. ‘जमेल तेवढं घ्या’ हा प्रकार मोहात पाडतो, पण पैसे निम्मे आणि जबाबदारी पुरी अशी गत होते.

जीएसटीचा खड्डा वेगळाच. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मुंबईला एक पाकीट पाठवलंत की ही मर्यादा लागू होत नाही. राज्याबाहेर माल जाणार असेल तर पहिल्या विक्रीपासून नोंदणी हवी. यादीतल्या हस्तकलेच्या वस्तूंना सवलत आहे, सोलांना नाही. कंपोझिशन योजना (छोट्या धंद्यांसाठी जीएसटीची सोपी, ठोक दराची योजना) घेतलेल्यांना तर राज्याबाहेर माल विकताच येत नाही. मालाच्या आगाऊ रकमेवर कर बिल करताना लागतो; होमस्टेचे दोन दिवस किंवा एखादी कार्यशाळा मोबदला म्हणून ठेवलीत तर ती सेवा, आणि नोंदणीकृत धंद्याला तिच्यावर पैसे मिळाले त्याच वेळी कर लागतो.

मोबदला काय ठेवायचा? हलकं, न फुटणारं, न नासणारं. आगळाच्या (कोकमाच्या घट्ट रसाच्या) काचेच्या बाटल्या फोटोत सुंदर दिसतात आणि पार्सलात फुटतात. सोलं पाठवा, पण खोक्यातून नको. कुरियरवाले बऱ्याचदा आकारमानाचं वजन लावतात: लांबी, रुंदी, उंचीचा सेंटिमीटरमधला गुणाकार, भागिले ५,०००. ३० × २० × १५ च्या खोक्यात अर्धा किलो सोलं घातलीत तरी पैसे १.८ किलोचे. जाड लॅमिनेटेड पाऊच घ्या आणि सील रुंद मारा. सोलांतलं मीठ पावसाळ्यात ओल ओढतं आणि पाकिटात पाणी सुटतं. लेबलवर एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, तारीख, पत्ता हवाच. खोलाची मिरची किंवा गोव्याचं खाजे जीआयच्या (भौगोलिक मानांकनाच्या) नावाने विकायचं तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्या. आणि फेणी? २००९ साली जीआय मिळाला असला तरी दारू टपालाने धाडता येत नाही. मोबदल्याच्या यादीत ती घालू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

परदेशातल्या गोंयकाराकडून पैसे घ्या, पार्सल मात्र तिकडे पाठवू नका. दुबईतला मुलगा एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या रुपयांतल्या) खात्यातून पैसे भरेल, पाकीट म्हापशातल्या आईच्या घरी पोचवा. टपाल वाचतं आणि आई मुलाला फोटोही पाठवते, ती जाहिरात फुकटची. इथे पासपोर्टाचा प्रश्न येतो. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी मानली जात नाही, पण पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला आपलाच शेजारी, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, विदेशी देणग्यांच्या एफसीआरए कायद्यात विदेशी स्रोत ठरतो. मालाची किंमत म्हणून त्याने पैसे दिले आणि तुम्ही बिल दिलंत तर प्रश्न नाही. ‘राहू दे, माल नको, असेच ठेव’ म्हणाला तर सीएला विचारल्याशिवाय ठेवू नका.

वेळापत्रक भिरंडांवरून, म्हणजे कोकमाच्या फळांवरून मांडा. फळ एप्रिल-मे महिन्यांत पिकतं, म्हणजे यंत्र मार्चअखेर बसलेलं हवं. म्हणून मोहीम जानेवारीच्या सुरुवातीला लावा, ३० ते ४० दिवसांची. त्याआधी दोन महिने तयारीचे: उद्यम नोंदणी, चालू खातं, ड्रायरवाल्याचं लेखी कोटेशन, दोन मिनिटांचा व्हिडिओ. व्हिडिओत कॅमेऱ्यापेक्षा आवाजाला जपा. कॉलरला लावायचा साधा माइक पुरतो. बोला घरातल्यासारखं, खाली इंग्रजी सबटायटल द्या.

मोहीम लावायच्या आधी २०० नावांची यादी हातात ठेवा. पहिल्या तीन दिवसांत लक्ष्याचा चौथा हिस्सा ओळखीच्यांकडून आला नाही तर अनोळखी माणूस थांबत नाही. ग्रुपवर संदेश टाकून गप्प बसू नका, एकेकाला फोन करा. मुंबईत १९१९ पासूनची गोवा हिंदू असोसिएशन आहे, धोबीतलावचे कूड (गोव्यातल्या गावांची तिथली वसतिगृहं) आहेत. अशा ठिकाणी ओळखीतून जा. गावात मात्र सांभाळून: इथे फसलेली मोहीम तिसऱ्या दिवशी तिंट्यावर (गावच्या नाक्यावर) कळते, म्हणून अर्ध्यावर अडकलात तर गप्प न राहता आकडा उघड सांगा.

पैसे हातात पडायला मोहीम संपल्यावरही काही दिवस जातात. ड्रायरवाल्याला आगाऊ देताना हे लक्षात ठेवा. माल जुलैअखेर निघेल असं लिहा, म्हणजे उशीर झाला तरी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आत पोचतो. दोघीजणी बसल्या तर दिवसाला साठेक पाकिटं होतात. ६५६ पाकिटांना अकरा दिवस. तीसेक पाकिटं जास्तीची करून ठेवा. पिनकोड चुकलेले, दार बंद म्हणून परत आलेले पार्सल हमखास निघतात, आणि त्यांचं दुसऱ्या वेळचं टपाल तुमच्याच खिशातून जातं.