संस्थेचा ओटीपी कुणाच्या मोबाईलवर येतो?

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, करून सोलापुरात एखाद्या संस्थेत लागत असाल, तर पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न विचारा. प्रकल्प, निधी, फिल्ड सगळं हळूहळू कळतं. हे मात्र कुणी आपणहून सांगत नाही.

मी लागले तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर येणारी मीच. त्यामुळे संस्थेचा जीमेल, दर्पण (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं सरकारी पोर्टल), इन्कम टॅक्सचं खातं, सगळं माझ्या खासगी नंबरवर उघडलं गेलं. ‘तुलाच जमतं गं’ हे ऐकायला बरं वाटायचं. मग ताप अंगात असताना फोन: ‘ओटीपी आलाय, सांग.’ भावाच्या हळदीत फोन: ‘ओटीपी सांग.’ मोबाईल बंद ठेवायची सोय नाही. सह्या आणि निर्णय संस्था चालवणाऱ्या सरांचे, किल्ल्या माझ्याकडे, आणि काम अडलं की जाबही मलाच. मी दुसरी नोकरी पक्की केली, तरी नंबर अडकले म्हणून कित्येक आठवडे निघता आलं नाही.

यात धोका किती आहे तो नीट समजून घ्या. ८०जी, म्हणजे देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी मान्यता, असलेल्या संस्थेला २०२१-२२ पासूनच्या देणग्यांचा तपशील फॉर्म १०बीडीमध्ये भरावा लागतो. मुदत वर्ष संपल्यावर ३१ मे. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. तो भरल्याशिवाय देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र मिळत नाही, आणि त्याची करसवलत अडते. वर्षभर दारोदार फिरून मिळवलेला देणगीदार असा नाराज होतो. मार्चअखेरचे हिशेब उरकतात न उरकतात तोच, सोलापूरच्या ऐन उन्हाळ्यात ही धावपळ, आणि सगळी मदार एका पोरीच्या मोबाईलवर!

म्हणून संस्थेच्या नावावर वेगळं सिम घ्यायला लावा, ते ऑफिसातल्या साध्या फोनमध्ये राहू द्या, आणि रिचार्जची तारीख हिशेबाच्या वहीत लिहा. रिचार्ज चुकलं तर नंबर बंद पडतो आणि पुढे दुसऱ्याच माणसाला मिळू शकतो. कुठल्या पोर्टलवर कुणाचा नंबर आहे याची यादी दोघांकडे असू द्या. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज जातो. त्याच वेळी बँक आणि पोर्टलवरचे नंबरही बदलून घ्या. ‘आत्ता तुझाच टाक, नंतर बदलू’ असं म्हणतील. तिथे नाही म्हणा. नम्रपणे, पण नाहीच म्हणा.

बाकी साधनांचा बाऊ करू नका. कोबो टूलबॉक्स या मोबाईलवर सर्वेक्षण करायच्या साधनाचे फॉर्म नेटशिवाय भरता येतात. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या गावांत रेंज नसली तरी चालतं. अशोक चौकाच्या बाजूला विडी कामगार बायकांमध्ये काम असेल, तर लांबलचक मराठी मेसेजपेक्षा तेलुगूतली अर्ध्या मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा. बैठक विड्या कंपनीत देऊन आल्यावरच ठेवा. एक मात्र कडक पाळा: कुणाच्याही आधारचा फोटो ग्रुपवर टाकायचा नाही. त्या बायका विश्वासाने कागद हातात देतात.

दोन दिवसांच्या नेतृत्व शिबिरांवर माझा फारसा विश्वास नाही. प्रमाणपत्र मिळतं, काम येत नाही. त्यापेक्षा संस्थेच्या जुन्या हिशेबनिसाजवळ बसा. पैसा कुठून येतो, कुठे अडतो, ते तिथे कळतं. नेटवरून उचललेला तयार प्रस्तावही पाठवू नका, देणाऱ्यांनी तो दहादा वाचलेला असतो. आणि गुरू निवडताना तो स्वतः रजा घेतो का ते पाहा. जो कधीच घेत नाही, तो तुम्हालाही घेऊ देणार नाही.

‘समाजकार्य करता आणि पगाराचं विचारता?’ हे ऐकावं लागेल. विचारा तरीही, पीएफचंही विचारा. मारहाणीच्या, आजारपणाच्या घरांतून आल्यावर झोप लागत नसेल तर ते तुमच्या कमकुवतपणाचं लक्षण नाही. आधी सहकाऱ्याशी बोला. १४४१६ ही टेली मानसची, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेची, मोफत हेल्पलाइन आहे, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलता येतं.

तुम्ही आधीच अडकला असाल तरी घाबरू नका, यातून सुटता येतं. माझे नंबर बदलायला सुरुवात जीमेलपासून झाली, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच बदलतात. मग इन्कम टॅक्स, मग दर्पण. बँकेला वेळ लागतो. तिथे ठरावाची प्रत आणि विश्वस्तांच्या सह्या मागतात, म्हणून पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत तो ठराव आजच घालायला सांगा.