रविवारी जरा टेकायचंय ना, मग शनिवारपासूनच लागा

ख्रिस्ती घरातला रविवार आरामाचा असतो हे फक्त कॅलेंडरवर. आमच्याकडे सकाळी मुलांना संडे स्कूलला तयार करा, मग उपासना, मग क्वायरची प्रॅक्टिस, मग महिला मंडळाची मीटिंग, घरी येईपर्यंत दीड वाजतो आणि मटण अजून शिजायचंय. सोमवारी ऑफिसात विचारतात काय मग, झाला का आराम, काय सांगणार कप्पाळ! म्हणून घरात हळूहळू काही गोष्टी बदलल्या, त्या सांगते, जमतील तेवढ्या घ्या.

सुरुवात शनिवारी संध्याकाळी करा. बायबलमधल्या उत्पत्ती पुस्तकाचा पहिला अध्याय बघा, तिथे आधी संध्याकाळ होते मग सकाळ, म्हणजे दिवस सुरूच होतो झोपेने, काम नंतर. इस्राएली लोकांसाठी रानात मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, पडायचा तेव्हाही सहाव्या दिवशी दुप्पट गोळा करून ठेवायचा होता, काही जण तरी सातव्या दिवशी शोधायला गेलेच आणि रिकाम्या हाताने परत आले (निर्गम १६). आपला मान्ना म्हणजे वाटण. शनिवारी रात्री वाटण करून ठेवा, मटणच शिजवून ठेवलं तर आणखी बरं, मुरलेलं दुसऱ्या दिवशी जास्त छान लागतं. इस्त्री, शाळेच्या बॅगा, लाइटबिल, सगळं शनिवारीच. आणि मोबाईल नऊ वाजता हॉलमध्ये चार्जिंगला, उशाशी नाही.

आता खरी गोम. विसावा नक्की कोण घेतंय? शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची आज्ञा बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, ५व्या अध्यायात नीट वाचा, मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव अशी यादीच आहे, आणि कारण काय दिलंय, तर तू स्वतः मिसरात (इजिप्तमध्ये) दास होतास हे आठव. मग नवरा सोफ्यावर क्रिकेट बघतोय आणि बायको ओट्याशी उभी, याला शब्बाथ कसं म्हणायचं? आमच्याकडे रविवारी ज्याने त्याने आपलं ताट घासायचं, पहिले दोन महिने कुरकुर झाली, आता सवय झालीय. कामवाल्या मावशींनाही सुट्टी, पैसे न कापता. आपली रविवारची सुट्टी तरी कुठे आयती मिळाली, नारायण मेघाजी लोखंडेंनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी झगडून १८९० मध्ये ती मिळवली, तेव्हा ती मावशींना देताना आपला हात का आखडावा.

चर्चच्या कामाला नाही म्हणणं सगळ्यात अवघड, मला अजून धड जमत नाही. आम्ही नियम केला, माणशी एकच जबाबदारी. क्वायर असेल तर कमिटी नाही. पाळकसाहेबांना आधी जरा वाईट वाटलं, पण मार्कच्या शुभवर्तमानात, ६व्या अध्यायात, शिष्यांना जेवायलाही सवड नव्हती तेव्हा येशूनेच त्यांना एकांती चला, थोडा विसावा घ्या म्हटलं, आणि ते शिष्य तर देवाचंच काम करत होते ना.

नर्स असाल, रविवारी ड्युटी लागत असेल तर मनाला लावून घेऊ नका, आठवड्यातला दुसरा एखादा अर्धा दिवस धरा आणि घरच्यांना तो आधीच सांगून ठेवा.

बाकी दिवशी मी लोकलमध्ये एवढंच करते, फोन पर्समध्ये टाकते आणि श्वास घेताना मनात "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", सोडताना "मला काही उणे पडणार नाही". दोन स्टेशनं. कधी मध्येच डुलकी लागते, लागू दे, येशूसुद्धा वादळात उशीवर डोकं ठेवून झोपला होता.

एवढं करूनही आठवडेच्या आठवडे थकवा जात नसेल, झोपच लागत नसेल तर मात्र डॉक्टरकडे जा. बायबलमधला संदेष्टा एलिया झाडाखाली मरण मागत पडला होता तेव्हा देवदूताने त्याला लेक्चर दिलं नाही, भाकर आणि पाणी दिलं, तो परत झोपला तर झोपू दिलं आणि उठवून पुन्हा खायला घातलं. कोणी म्हणालं की तुझी प्रार्थनाच कमी पडते, तर एलियाची ही गोष्ट, बायबलमधलं १ राजे १९, उघडून त्यांच्या हातात द्या.