फ्लाय फिशिंगची पहिली खरेदी: या चुका टाळा

डेन्व्हरमध्ये राहायला आलेली आपली मंडळी उन्हाळा लागला की हमखास विचारतात, "ट्राउट धरायला शिकायचंय, कुठला रॉड मागवू?" इथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते. आधी नदी ठरवा, मग त्या नदीची खबर ठेवणारं दुकान शोधा. रॉड सगळ्यात शेवटी.

डेन्व्हरकरांची नदी बहुधा साउथ प्लॅट, आणि जागा डेकर्स. चीझमन धरणाखालचं ते पाणी थंड आणि नितळ. तिथल्या ट्राउटने इतके गळ पाहिलेत की मोठ्या, भडक फ्लायकडे (फ्लाय म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा) तो ढुंकूनही बघत नाही. अनेकदा २० किंवा २२ नंबरची, तांदळाच्या दाण्याहून लहान फ्लाय बांधावी लागते. (नंबर वाढतो तसा गळ लहान होतो, हेही नवख्यांना कुणी सांगत नाही.) 'शंभर फ्लाय फुकट' म्हणून ऑनलाइन किटसोबत येणारा डबा तिथे बहुतेक वेळा बंदच राहतो.

सगळ्यात जास्त चीड आणणारी चूक म्हणजे लाइन, म्हणजे फेकायची दोरी, घरीच रीलवर गुंडाळणं. नाशिकचा एक मुलगा, कामाला हुशार, पण घाई फार. नऊ फुटी, ५ नंबरचा रॉड त्याने घेतला होता. (रॉडचा नंबर त्याला चालणाऱ्या लाइनच्या वजनाचा. इथे नंबर वाढतो तसा रॉड दणकट होतो.) निवड अगदी योग्य. रील आणि लाइन मात्र स्वस्तात वेगळी मागवली आणि व्हिडिओ बघत रात्री रीलवर चढवली. डेकर्सला पोचलो तेव्हा सकाळची ट्रायको, म्हणजे पाण्यावरच्या बारीक माश्यांची झुंड, उठायला लागली होती, मासे पाण्यावर तोंड काढून खात होते, आणि ह्याची लाइन प्रत्येक वेळी पायाशीच गोळा होऊन पडत होती. "रॉडच भिकार आहे, महागातला घेतो," म्हणाला. मी लाइनचं पुढचं टोक चिमटीत धरलं आणि काय झालंय ते कळलं. वेट फॉरवर्ड लाइनचा जाड, जड भाग पुढे असतो, मागे बारीक रनिंग लाइन. त्याने ती उलटी चढवली होती. जड भाग रीलच्या पोटात, बारीक भाग बाहेर. फ्लायला स्वतःचं वजन जवळपास नसतंच, तिला लाइनचं वजन वाहून नेतं. ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण १४० ग्रेन, म्हणजे ९ ग्रॅम भरतात. तेवढ्या वजनाने रॉड वाकतो आणि लाइन पुढे जाते. ते वजनच पुढे नसेल तर हजार डॉलरचा रॉडही काही करू शकत नाही. पार्किंगमध्ये सगळी लाइन उलगडून, बॅकिंगची (लाइनच्या मागे जोडलेल्या बारीक दोरीची) गाठ पुन्हा बांधून ती सुलट केली. तोवर ट्रायको संपली होती.

लाइनच्या चकतीवर 'धिस एंड टू रील' असा बोटभर स्टिकर असतो. तो वाचायलाही ज्याला सवड नाही, त्याने दुकानातच लाइन घ्यावी. तिथे यंत्रावर बॅकिंग आणि लाइन चढवून, लीडर (लाइनच्या पुढचा पारदर्शक, निमुळता धागा) जोडून देतात, आणि लाइन त्यांच्याकडची असेल तर बहुतेक जण त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. मी स्वतः आजही लाइन दुकानातच चढवून घेतो.

दुकान कसं ओळखायचं? मी रॉडच्या रांगेकडे बघतच नाही, थेट फ्लायच्या कप्प्यांकडे जातो. १८ ते २४ नंबरचे कप्पे भरलेले आणि चाळलेले दिसले की समजायचं, इथले लोक नदीवर जातात. काउंटरवरच्याने बजेटआधी "कुठल्या पाण्यावर जाणार?" असं विचारलं पाहिजे. नवख्याच्या हातात पहिलाच रॉड ९०० डॉलरचा ठेवला तर सरळ बाहेर पडा. बाहेरच्या गवतावर रॉड फेकून बघू द्या म्हणावं, चांगलं दुकान नाही म्हणत नाही. शनिवारी सकाळी मात्र जाऊ नका. तेव्हा गाइड आणि त्यांची गिऱ्हाइकं असतात, तुमच्याशी बोलायला कुणाला वेळ नसतो. आठवड्यातली एखादी निवांत दुपार बघा.

आणि एक कळकळीचं सांगणं. अर्धा तास माहिती घ्यायची आणि दोन डॉलर वाचवायला तिथेच उभं राहून फोनवर ऑर्डर द्यायची, हे करू नका. निदान सहा फ्लाय आणि ५एक्स टिपेटचं (फ्लाय बांधायच्या बारीक धाग्याचं) एक रीळ तिथूनच घ्या. अशी दुकानं बंद पडली तर नदीत आज काय चाललंय हे सांगायला कुणी उरणार नाही.

बाकी चुका थोडक्यात. पुढे कधीतरी समुद्रावर जाऊ म्हणून ८ नंबरचा रॉड घेऊ नका. ट्राउटसाठी महागडं रील नको, ते पैसे लाइनवर घाला. वेडर्सवर (पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीवर) कमरेचा पट्टा कायम आवळलेला हवा, पडलात तर आत पाणी पटकन भरत नाही. बुटांना फेल्टचा (दाबलेल्या लोकरीसारख्या कापडाचा) सोल नको. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात २०१८ पासून त्यावर बंदी आहे, कारण फेल्टमधून एका नदीची कीड दुसऱ्या नदीत जाते. जाळं रबराचं घ्या.

आणि साधा थर्मामीटर घ्याच. पाणी ६८ फॅरनहाइटच्या वर गेलं की ट्राउटला दम लागतो, हळुवार सोडला तरी तो नंतर मरू शकतो. अशा दिवशी रॉड गाडीतच ठेवा.