जुन्या अ‍ॅम्बेसेडरचं टायमिंग घरी कसं लावावं

मे महिन्यात वऱ्हाड भरून निघालेली अ‍ॅम्बेसेडर मांजरसुंब्याच्या घाटात चढाला लागली की बॉनेटखालून टकटक सुरू होते. लोक पेट्रोलला दोष देतात. माझं म्हणणं, आधी टायमिंग, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडण्याची वेळ, बघा. ठिणगी लवकर पडली तर इंजिन नॉक करतं आणि पिस्टनची वाट लागते. उशिरा पडली तर पिकअप जातो, गाडी तापते. मराठवाड्याच्या 42 अंशांच्या उन्हात दोन्ही गोष्टी लगेच अंगाशी येतात.

खालची रीत जुन्या 1489 सीसी पेट्रोल इंजिनाची आहे. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), पाने, स्क्रू ड्रायव्हर आणि दोन वायरी जोडलेला 12 व्होल्टचा बल्ब एवढं पुरे. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन थंड.

सुरुवात पॉइंटपासूनच करा. डेल्को म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर, आणि पॉइंट म्हणजे त्याच्या आत उघडमीट होणारे दोन संपर्क; ते उघडले की ठिणगी पडते. गॅप बदलला की टायमिंगही बदलतं, त्यामुळे हा क्रम उलटा केला तर सगळी मेहनत पाण्यात. डेल्कोचं झाकण काढा, पुढून लावायच्या स्टार्टिंग हँडलने इंजिन फिरवा आणि पॉइंट पूर्ण उघडले की थांबा. गॅप 0.014 ते 0.016 इंच हवा. गेजची पट्टी आत-बाहेर करताना किंचित अडली पाहिजे. ओढावी लागली तर गॅप कमी आहे. पॉइंट जळून खड्डे पडले असतील तर घासत बसू नका, नवे टाका.

आता रेडिएटरकडचा, म्हणजे एक नंबरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवा आणि हँडल फिरवा. हवा बोटाला जोरात ढकलू लागली की कॉम्प्रेशन आलं. मग क्रँकशाफ्टच्या पुलीवरची खाच पॉइंटरच्या खुणेशी आणा. किती अंशांवर ठेवायचं ते गाडीच्या मॅन्युअलात बघा. खाच मळलेली असते, पुसून खडूने रंगवली की स्पष्ट दिसते. खूण ओलांडली तर बरंच मागे नेऊन पुन्हा पुढे आणा, म्हणजे टायमिंग चेनचा ढिलेपणा निघून जातो.

बल्बची एक वायर डेल्कोच्या बारीक वायरीच्या टर्मिनलला, दुसरी इंजिनच्या लोखंडाला लावा आणि स्विच ऑन करा. डेल्कोचा क्लॅम्प ढिला करा. या इंजिनात रोटर (डेल्कोच्या आत फिरणारा भाग) घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. डेल्को आधी त्याच दिशेने, बल्ब विझेपर्यंत फिरवा. मग उलट दिशेने अगदी हळू, केसभर केसभर. बल्ब पेटला त्याच क्षणी हात थांबवा आणि क्लॅम्प आवळा. आवळताना डेल्को हमखास सरकतो, म्हणून हँडलने इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवून खुणेवरच बल्ब पेटतो का ते तपासा. स्विच उगाच ऑन ठेवू नका, कॉइल तापते.

शेवटी प्लग, झाकण बसवून, इंजिन गरम करून चढावर जा. टॉप गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. सतत टकटक आली तर टायमिंग थोडं मागे घ्या, म्हणजे ठिणगी जरा उशिरा पाडा. लुकासच्या डेल्कोला बाजूला खाचांची छोटी नॉब असेल तर क्लॅम्पला हात न लावता तीच R (रिटार्ड, म्हणजे उशिरा) कडे फिरवा. साधारण 11 टिकटिकांना एक अंश होतो. सकाळच्या गारव्यात नव्हे, भर दुपारी आणि माणसं बसवून ही चाचणी घ्या.

नव्या पॉइंटची टाच (डेल्कोच्या कॅमवर घासणारा भाग) सुरुवातीला लवकर झिजते, गॅप कमी होतो आणि टायमिंग मागे पडतं. थोडी गाडी चालली की गेज पुन्हा लावून बघा.