चर्चच्या मंडळीत नवा नियम करण्याआधी

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीत कुणी "आजपासून असं चालणार नाही" म्हणालं, की आधी एवढंच विचारा: याला बायबलमधलं वचन दाखवा. नसेल तर ती रीत. चपला बाहेर काढायच्या, खुशाल काढा. पण रितीला आज्ञेचा मान नको.

वचन निघालं तर ओळ नव्हे, अख्खा अध्याय वाचा. दशमांशासाठी, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्यासाठी, मत्तय 23:23 हमखास काढतात. येशू तिथे पुदिना, शेप, जिऱ्याचा दशमांश सोडा म्हणत नाही. न्याय, दया, विश्वास टाकलात म्हणून खडसावतो. वर्गणी थकलेल्याचं नाव फळ्यावर लिहायच्या आधी त्याच्या घरी जाऊन चहा घ्या.

मग नियम जित्या माणसावर लावून बघा. आमच्याकडे तासगाव भागातले द्राक्षवाले आहेत. ऑक्टोबर छाटणी झालेली, शनिवारी रात्री पाऊस कोसळला, की रविवारी उजाडताच औषध फवारायचा ब्लोअर सुरू. पान ओलं राहिलं की दावण्या (डाऊनी रोग) घुसतो, मग पानाच्या पाठीवर पांढरी बुरशी आणि घड गेले. हा गडी उपासनेला नाही म्हणून त्याचं प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) बंद? लूक 14:5 मधला विहिरीत पडलेला, शब्बाथ म्हणजे विश्रांतीच्या दिवशीही लगेच बाहेर काढायचा बैल कमिटीत मोठ्याने वाचा. सोसायटीचं कर्ज काढून लावलेली बाग बैलापेक्षा हलकी कशी? (हलकी म्हणणाऱ्याची बहुतेक बाग नसते.)

एवढं करूनही नियम झालाच, तर वर्षाची मुदत घाला, आणि पहिला लागू कमिटीला. पाळकसाहेबांनाही.