त्वचेसाठी मॅग्नेशियम क्लोराइड घेताना

आधी लेबल उलटून घटकांची यादी वाचा. मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट (म्हणजे स्फटिकात पाणी धरून ठेवलेला हाच क्षार) आणि पाणी, एवढंच असेल तर उत्तम. ‘मॅग्नेशियम ऑइल’ नाव असलं तरी त्यात तेल नसतं. ते क्षाराचं दाट द्रावण असतं, म्हणून हाताला बुळबुळीत लागतं. मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट, हा वेगळा क्षार. दोन्ही पॅकेटं सारखीच दिसतात.

खरी मेख ग्रेडमध्ये, म्हणजे शुद्धतेच्या दर्जात आहे. मॅग्नेशियम क्लोराइडच रस्त्यावरचा बर्फ वितळवायला आणि धूळ बसवायलाही वापरतात. तो माल स्वस्त असतो, पण अंगाला लावायचा नाही. फार्मा किंवा फूड ग्रेडच घ्या आणि शिसं, आर्सेनिक, पारा, कॅडमियम यांच्या तपासणीचा अहवाल मागा. जो विक्रेता तो द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी तरी घेणार नाही.

तयार द्रावणापेक्षा फ्लेक्स, म्हणजे या क्षाराचे सुके पापुद्रे, घेणं मला जास्त पटतं, कारण द्रावण हवं तेवढं पातळ करता येतं. हेक्साहायड्रेटमध्ये वजनाच्या सुमारे 12 टक्केच मॅग्नेशियम असतं, हे आकड्यांची तुलना करताना लक्षात ठेवा. फ्लेक्स हवेतला ओलावा ओढून पाणी सोडतात, तेव्हा झाकण घट्ट हवं.

पहिल्यांदा मनगटाच्या आतल्या बाजूला थोडंसंच लावून बघा. नुकतं शेव्हिंग केलेल्या किंवा खरचटलेल्या जागी सणसणून झोंबतं. कातडीतून मॅग्नेशियम भरपूर शोषलं जातं, याला भक्कम पुरावा नाही. कमतरता असेल तर डॉक्टरांकडेच जा. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी वापरण्याआधीच त्यांना विचारावं.